तिचं दुखणं राहून गेलं

उभा जन्म गुडघ्यांवर काढलेला तो फरशीवाला. लोक त्याला ‘लेव्हल’ म्हणायचे. कुणाच्याही घरात शिरला की आधी जमिनीकडे बघायचा, मग माणसांकडे. साठी उलटली तसा उजवा गुडघा पार कामातून गेला. डॉक्टरांनी सांधा बदलला. जखम भरली, एक्स-रेत सगळं चोख दिसलं. दुखणं मात्र हटेना. गोळ्यांनी नुसती गुंगी यायची. त्याच्या कण्हण्यापुढे घरात टीव्ही लागेना, सोबत राहणारी मुलगी आणि तिची पोरं दबकत वावरायची.

शेक, व्यायाम, वर त्याची बोलणी, सगळं बायकोच्या वाट्याला.

“तुला काय कळणार माझं दुखणं?” तो खेकसायचा.

“कळतं हो. अख्ख्या जिन्याला कळतं.”

शेवटी डॉक्टरांनी वेगळा उपाय सुचवला. डोक्याला दोन ओले स्पंज बांधून अगदी सौम्य वीज सोडायची. चिरफाड नाही, भूल नाही.

“गुडघा दुखतो, पण ते कळतं मेंदूला,” डॉक्टर म्हणाले. “तिथला गोंगाट जरा कमी करून बघू. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही.”

“म्हणजे वीज डोक्यात सोडणार?”

“सोडू द्या,” बायको म्हणाली. “आत जागा भरपूर आहे.” डॉक्टरही हसले.

ती रोज त्याच्याबरोबर जायची. त्याच्या कपाळाला मुंग्या येत असायच्या. ती शेजारच्या बाकावर छाती चोळत बसलेली.

“काय गं?” एकदा त्यानं विचारलं.

“पित्त असेल. तुमचं निस्तरू दे आधी.”

तो पुन्हा आपल्या गुडघ्याविषयी बोलू लागला.

हळूहळू फरक पडला. दुखणं गेलं नाही, पण मागं सरलं. एका सकाळी तो काठीशिवाय जाऊन कोपऱ्यावरून दूध घेऊन आला. ओट्याशी उभी असलेली बायको “चालत आलात?” म्हणाली आणि तिथंच खाली बसली. घामानं डबडबली होती. तो धावत जिना उतरला, शेजाऱ्याला गाडी काढायला लावली. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती.

“हृदय बरेच दिवस कुरकुरत असणार,” तिथली डॉक्टरीण म्हणाली. “कुणाला काही बोलल्या नाहीत?”

“मला म्हणाली होती,” मुलीला रडू आवरेना. “बाबांना सांगू नकोस म्हणाली. त्यांना आधीच झोप नाही.”

तो भिंतीला टेकून उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. गुडघ्यानं साथ दिली.

पुढं उपचाराला जायचं त्यानं सोडूनच दिलं होतं. मुलगी हाताला धरून घेऊन गेली. बायको बसायची त्या बाकावर कुणाची तरी पिशवी होती. ती त्यानं उचलून खाली ठेवली आणि मग खुर्चीत बसला.

आता तो तीन मजले सहज चढतो. संध्याकाळी मुलगी कामावरून आली की विचारतो, “छातीत वगैरे दुखत नाही ना?”

“नाही, बाबा.”

“खरं सांग.”

सुरुवातीला ती चिडायची. हल्ली पर्स बाजूला ठेवून त्याच्यासमोर बसते आणि नीट सांगते: कंबर जरा धरलीय, डोळे चुरचुरतायत, बाकी काही नाही. तो सगळं ऐकून घेतो.