बिनदाव्याची मोटार

सन १९२७, दिवाळीनंतरची पंचमी. रक्कम रुपये अकराशे पन्नास, थोड्या नोटा आणि बाकी बंदे. जागा अमरावतीतले मोटारींचे दुकान. हजर मी, माझे थोरले भाऊ आणि दुकानाचे मॅनेजर. चौथे कोणी नव्हते. असते आणि ते वऱ्हाडातले असते, तरी उपयोग झाला नसता. तेही आमच्यासारखेच हसले असते.

मोटार आम्हाला मिरवायला नको होती. आमचे घर अमरावतीत आणि संत्र्यांची बाग वलगावजवळ. बाग भाऊंनी लावली, भाऊंनी वाढवली. त्या उन्हाळ्यात मोट चालते त्या उतारावर ते घसरून पडले आणि कंबरेचे हाड मोडले. हाड जुळले, पण बैलगाडीत बसणे संपले. एक खड्डा बसला की त्यांच्या तोंडून आवाज निघे, आणि भाऊ आवाज काढणाऱ्यांपैकी नव्हेत. टांग्यातही बसवून पाहिले. नाक्यापर्यंत गेलो आणि परत आलो.

संत्र्याच्या झाडाचे पाणी थंडीत तोडतात. त्याला ताण देणे म्हणतात. पाने मलूल होतात, काही गळतात, झाड हातचे जाते की काय असे वाटते. मग नेमक्या दिवशी पाणी सोडले की सगळ्या फांद्या फुलतात. तो दिवस पंचांगात सापडत नाही. लवकर सोडले तर नुसती पालवी येते, उशीर झाला तर फांद्या वाळतात. आमच्या घरात तो दिवस एकट्या भाऊंना कळे. ते पान मुठीत दाबत, कानाशी नेत आणि सांगत, आज नाही, किंवा आज. मला हिशेब येतो, पान येत नाही. म्हणून ताण सुटायच्या आत भाऊंना बागेत नेणारी गाडी हवी होती. बाकी सगळे त्यामागून आले.

दुकानातली गाडी वापरलेली होती, पण रंग नवा, गाद्या नव्या. मॅनेजर पुण्याकडचे. बोलणे मऊ, कॉलर कडक. तेराशेवरून सुरुवात झाली. भाऊ खुर्चीत बसून होते, घासाघीस मी केली. अकराशे पन्नासला मॅनेजरांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "मात्र एक आधीच सांगतो. हा सौदा बिनदाव्याचा. नंतर बोलायचं नाही."

भाऊ म्हणाले, "बिनदाव्याचाच असते ना जी. आमी का काल जन्मलो?"

"तसं नव्हे, काही लोक मागाहून येतात."

"येत असतीन. आमी नाई यायचो. दावं आमी घरूनच आणलं हाय." असे म्हणून भाऊंनी पिशवीतून अंबाडीचे कोरे दावे काढून टेबलावर ठेवले.

मॅनेजर त्या दोराकडे पाहून मोठ्याने हसले. भाऊ हसले. मीही हसलो. तिघेही एकाच गोष्टीला हसत आहोत असे मला वाटले.

आमच्याकडे बैल विकला तरी त्याचे दावे विकत नाहीत. गळ्यातला दोर विकणाऱ्याच्या गोठ्यातच राहतो, नाहीतर गोठ्याची बरकत बैलाबरोबर जाते. घेणारा आपले नवे दावे घेऊन बाजाराला जातो. बिनदाव्याचा सौदा याचा अर्थ आम्हाला एवढाच माहीत होता, की जनावर तुमचे, दोर आमचा. मॅनेजरांनी मागाहून हक्क सांगायचा नाही या अर्थाचा कचेरीतला 'बेदावा' शब्द वापरला असता तर मी तिथल्या तिथे सावध झालो असतो. त्यांनी तो आमच्यासाठी सोपा करून सांगितला.

दुकानाच्या माणसाने मला गाडी चालवायला शिकवली. पहिल्या फेरीला वहिनींनी गाडीला कुंकू लावले, भाऊंनी पुढच्या दांड्याला दावे बांधले. मी इतकी हळू चालवली की भाजीच्या गाड्या आम्हाला मागे टाकून गेल्या. पण भाऊ आवाज न करता बागेत पोचले. झाडाखाली खुर्ची टाकून दुपारपर्यंत बसले. पाणी कोणत्या दिवशी तोडायचे ते सांगितले. परत येताना म्हणाले, "लेका, पैसा वसूल झाला."

तीन फेऱ्या अशा झाल्या. चौथ्या फेरीला, पाणी तोडून काही दिवस झाल्यावर, वलगावच्या अलीकडे गाडीच्या पोटातून दळणासारखा आवाज येऊ लागला आणि ती उभी राहिली. एका भाजीवाल्या माळ्याने ओझे उतरवून आपली बैलजोडी दिली. दोर शोधावा लागला नाही, गाडीलाच बांधलेला होता. भाऊ गादीवर ताठ बसून, आणि पुढे बैल. समोरून एक ओळखीचा माणूस वांग्यांचे टोपले घेऊन येत होता, तो थांबला.

"काहून जी, पेटरोल महाग झालं काय?"

"नाई," भाऊ म्हणाले, "मोटरीले चालाची सवय लावून राहिलो."



मिस्त्रीने गिअरची पेटी उघडली. आत तेलात कालवलेला लाकडाचा भुसा होता. दाते झिजलेले होते, त्यांचा आवाज दाबायला तो घातलेला. दोन-तीन आठवडे आवाज दबतो, मग भुसा संपतो. मिस्त्रीच्या दुरुस्तीचे आणि बैलवाल्याला द्यायचे मिळून बासष्ट रुपये आठ आणे गेले. त्यानंतर गाडी आणखी दोन वेळा गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि कायमची बंद पडली.

मी दुकानात गेलो. मॅनेजरांनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला.

"साहेब, मी तुमच्या बंधूंना सांगितलं होतं. बिनदाव्याचा सौदा. त्यांनी एकदा नव्हे, दोनदा मान्य केलं. वर म्हणाले, आम्ही येणार नाही."

"ते दाव्याबद्दल बोलत होते."

"मीही दाव्याबद्दलच बोलत होतो."

मग मी त्यांना बैलाचे दावे समजावून सांगितले. मोटारींच्या दुकानात, चहा घेत. ते ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. "म्हणजे तो दोर?" त्यांनी विचारले. "मला वाटलं, गाडी बंद पडली तर आम्ही ओढून नेऊ, तुम्हाला त्रास देणार नाही, असं म्हणतायत. मला ते फार समंजसपणाचं वाटलं."

खरे सांगायचे तर मला त्यांचा राग धरता येईना. भुशाचे विचारले तेव्हा मात्र ते खिडकीबाहेर पाहू लागले. म्हणाले, गाडी मालकांनी मुंबईहून पाठवली, मला कल्पना नाही. पैसे परत करणे माझ्या हातात नाही. निघताना त्यांनी तेलाचा एक डबा दिला. तो मी घेतला. घ्यायला नको होता, असे आज वाटते, पण त्या दिवशी मी दमलो होतो.

तोवर संक्रांत जवळ आली होती. मी रोज सायकलने बागेत जाई आणि संध्याकाळी भाऊंच्या खाटेशी बसे.

"पानं कशी हायेत?"

"मलूल."

"मलूल त मीबी हाय. वळली काय?"

"थोडी वळली."

"सकाई उलगडतात का नाई?"

"मी दुपारी गेलो होतो."

"खाली किती पडली?"

"मोजली नाहीत."

भाऊ वहिनींकडे वळून म्हणाले, "ऐकलं काय वो? घरातली उडदाची डाय मोजते हा माणूस, अन् पानं नाई मोजली."

वहिनी म्हणाल्या, "त्यायले कायले बोलता? पान तोडून आणा न भाऊजी उद्या."

आणले. भाऊंनी मुठीत दाबले, कानाशी नेले आणि खाली टाकले. तोडलेले पान घरी येईपर्यंत वेगळेच काही बोलते, असे ते म्हणाले. "मले झाडापाशी ने. ताण लांबला की समदी बाग जाईन." त्यांनी त्या रात्री जेवण अर्धे ठेवले.

विहिरीवर इंजिन बसवण्यासाठी वेगळे ठेवलेले पैसे होते. ते घेऊन मी बडनेऱ्याहून अकोल्याची आगगाडी धरली.

अकोल्याचा दुकानदार साठीचा, धोतर नेसलेला. त्याच्या वडिलांचा धंदा बैलांचा होता, याचा मोटारींचा. दुकानाची जागा तीच. दाराशी दगडी गव्हाण अजून होती, तिच्यात जुने टायर पडलेले. मी आत शिरलो तो न बसताच म्हणालो, "गिअरची पेटी उघडून दाखवा."

"आधी पाणी त प्या जी. बाजारात आल्या आल्या बैलाचे दात कोनी पाहाते काय?"

"मी पाहतो."

तो हसला आणि त्याने पेटी उघडली. आत तेल होते, नुसते तेल. मग मी काही विचारण्याआधी तोच सांगत सुटला. मागची कमान बदललेली आहे. उजवा दिवा मधूनच जातो. टप गळतो. "पावसात बसाल त छत्री लागन. आतूनबी." किंमत नऊशे पंचवीस. मी आठशे म्हणालो. तो नऊशे पंचवीसच म्हणत राहिला. वीस मिनिटांनीही नऊशे पंचवीसच. माणूस खरा होता, स्वस्त नव्हता.

आमची बंद गाडी घ्याल का, असे मी विचारले आणि भुशाची हकीकत सांगितली. बिनदाव्याच्या सौद्याशी आलो तेव्हा तो इतका हसला की त्याला खोकला लागला. डोळे पुसून म्हणाला, "पुण्याच्या माणसाले दोर काय ठाऊक? अन् तुमाले कोर्ट काय ठाऊक! दोघंबी शिकलेले." मग त्याने आमची गाडी दोनशे चाळीसला घेतो म्हणून सांगितले. हे कमी होते. मी तसे म्हणालो. तो म्हणाला, कमीच आहे, भुसा माझ्या पदरात येऊन राहिला. मी सहाशे पंच्याऐंशी रोख मोजून दिले.

"माझा सौदा दाव्यासकट," तो म्हणाला. "दोन्ही दाव्यांसकट. तीन महिन्यांत पेटी बोलली त गाडी आणून उभी करा, मी पैसे देतो. अन् दोराचा सव्वा रुपया येगळा. माझा बाप दावं देत नव्हता, पण कोनी मांगलंच त सव्वा रुपया घे."

मी खिशात हात घातला.

"आता नोको. मोठे भाऊ बागेत उतरले की द्या. नाई उतरले त मले दोराचे पैसे पचायचे नाई."

दुसऱ्या दिवशी त्याचा म्हातारा ड्रायव्हर गाडी घेऊन अमरावतीला आला. भाऊंनी गाडीकडे पाहिले नाही. आधी म्हणाले, "जुन्या गाडीचं दावं सोडून घे. इकणाऱ्याचं दावं इकणाऱ्याच्या घरी." ते सोडेपर्यंत ड्रायव्हर थांबला. मग भाऊंना आम्ही दोघांनी उचलून बसवले. टप गळत असला तरी गाडी पाळण्यासारखी चालली. भाऊंनी वाटभर दारावर हात ठेवला होता, पण आवाज काढला नाही.

बागेत ते पहिल्या ओळीशी उतरले. पान मुठीत धरले, दाबले, कानाशी नेले. दुसऱ्या झाडाचे. मग मला म्हणाले, पूर्वेकडच्या ओळींकडे चल. तिथे त्यांनी पान धरले नाही, फांदी वाकवून पाहिली. ती वाकली नाही, मोडली. ते तिच्या मोडलेल्या टोकाकडे पाहत राहिले.

"या दोन ओळी गेल्या," ते म्हणाले. "इथली माती पातळ. आठ दिवस आधी यायला पायजे होतं." मग म्हणाले, "बाकीच्यायले आजच पाणी सोडा. आत्ता."

मोट जुंपली. पाणी पाटातून पहिल्या आळ्यात पोचले तोवर ऊन कलले होते. भाऊ खुर्चीत बसून ते पाणी झाडापर्यंत जाताना पाहत होते. त्या वर्षी राहिलेल्या ओळींना बहार आला, चांगला आला. पूर्वेकडच्या दोन ओळी आम्ही पावसाळ्याआधी तोडून जळणाला नेल्या. विहिरीवर इंजिन आणखी चार वर्षांनी बसले.

एकूण खर्च मी तेव्हाच काढला होता आणि भाऊंना कधी सांगितला नाही. त्यात थोडी भर घातली असती तर कोरी करकरीत गाडी मिळाली असती. पुढे मी आणखी दोन मोटारी घेतल्या. दोन्ही वेळा पेटी उघडून पाहिली आणि दोन्ही वेळा दुकानदाराला विचारले, दावा म्हणजे तुमच्या मते काय? ते माझ्याकडे विचित्र नजरेने पाहत. पाहू देत.

अकराशे पन्नास अमरावतीच्या दुकानाला, बासष्ट रुपये आठ आणे मिस्त्री आणि बैलवाल्याला, सहाशे पंच्याऐंशी अकोल्याला. एवढे आधीच गेले होते. त्या संध्याकाळी बागेत, भाऊ पाण्याकडे पाहत असताना, दोराचा सव्वा रुपया मी अकोल्याच्या दुकानदारासाठी त्याच्या ड्रायव्हरच्या हातावर ठेवला.