मावशीचा अर्धा वाटा

गरिबांची सेवा हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा आहे. गेल्या नोव्हेंबरात आमच्या चर्चच्या फाटकावर हे वाक्य लागलं. फलक फ्लेक्सचा, फाटकाएवढाच रुंद होता. वाक्य मधोमध, त्याच्या एका बाजूला कबूतर, दुसऱ्या बाजूला मेणबत्ती, आणि खाली ओळीने देणगीदारांचे फोटो. गरिबांपैकी कोणाचा फोटो नव्हता. जागा उरली नाही, असं अध्यक्षांनी सांगितलं.

अध्यक्ष म्हणजे आमच्या पॅरिशच्या, चर्चच्या हद्दीतल्या मंडळींच्या, सेवा समितीचे. खाडीच्या बाजूला त्यांचा होमस्टे आहे, शिवाय पर्यटकांना डॉल्फिन दाखवणारी बोट आहे. डॉल्फिन दिसले नाहीत तर ते माशांचं जेवण अर्ध्या दरात देतात, तेव्हा माणूस निर्दय नव्हे. त्या वर्षी त्यांनी ठरवलं, की गरिबांसाठी नेमलेल्या रविवारी मिसा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, संपल्यावर मांडव घालून गरिबांना व्यासपीठावर बसवायचं आणि एकेकाला पाकीट द्यायचं. पाकीट म्हणजे तांदूळ, डाळ, साखर, तेल आणि एक चादर. आणि नुसतं एकदा नाही, पुढे दर महिन्याला.

अडचण गरिबांची होती. आमचं गाव समुद्र आणि खाडी यांच्यामधल्या वाळूच्या पट्ट्यावर वसलेलं. इथे पैशाची चणचण प्रत्येकाला असते, पण गरीब नेहमी शेजारच्या घरात राहतो. समिती एका दारात गेली की घरवाला पुढचं दार दाखवायचा. एकाने तर स्वतःच्या घराचा चिरा ढासळत असताना चादरीसाठी देणगी देऊ केली. असं करत करत समिती वाडीच्या टोकाला माझ्या मावशीच्या दारात पोचली, आणि तिच्यापुढे दार नव्हतं.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. सत्तरी उलटलेली, विधवा, मूलबाळ नाही, गुडघे कामातून गेलेले. तिच्या न्हाणीचं छप्पर पावसात इतकं गळायचं, की आंघोळीला वेगळं पाणी घेण्याची गरज नसे. तिने समितीला चहा दिला आणि हो किंवा नाही यांपैकी काही म्हटलं नाही. अध्यक्षांनी त्याचा अर्थ हो असा घेतला. मलाही त्यात वावगं वाटलं नाही. तांदूळ कोणाला नको असतो?

त्याच आठवड्यात मी फादरांच्या व्हरांड्यात बसलो होतो. फादर तरुण, वसईकडचे, आमच्याकडे नवीन, आणि वाचणारे. तिथे आणखी एकजण नेहमी यायचे, निवृत्त हेडमास्तर. हे हिंदू, खादीतले, तरुणपणी समाजवादी पक्षाच्या सतरंज्या उचललेले. चर्चमध्ये ते कधी पाऊल टाकत नसत, पण चर्चचा चहा त्यांना वर्ज्य नव्हता. त्या संध्याकाळी विषय होता ख्रिस्ती माणूस समाजवादी असू शकतो का. फादरांचं म्हणणं, पहिल्या ख्रिस्ती मंडळींकडे सगळं सामाईक होतं, जमीन विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवत आणि ज्याला जसं लागेल तसं मिळे. तेव्हा समाजवाद आमच्याच घरातून चोरीला गेलेली वस्तू आहे. हेडमास्तर म्हणाले, की मग एवढ्या शतकांत पोलिसात तक्रार का केली नाही?

दोघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं. आमची रापण.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी ते अर्धगोल सोडून येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, आणि गाव दोन रांगांनी उभं राहून ते ओढतं. जाळं एकाचं नसतं. घराघराने आपापला तुकडा जोडलेला असतो. मासळी वाळूवर आली की तिचे वाटे घालतात. ओढणाऱ्याला वाटा, जाळ्याच्या तुकड्याला वाटा, आणि म्हातारं, लंगडं, विधवा, जे कोणी येऊन मागच्या टोकाला आलेला दोर गुंडाळत बसेल त्याला अर्धा वाटा. गुंडाळण्यात फारसं काम नसतं. ते कोणी मोजतही नाही. हात दोराला असला म्हणजे झालं. हेडमास्तरांच्या मते हा समाजवाद, फादरांच्या मते ही पहिली मंडळी. मी एकदा हे आमच्या तांडेलाला, म्हणजे रापणीच्या म्होरक्याला सांगितलं होतं. तो हिंदू, त्याला दोन्ही पक्ष सारखेच लांब. तो म्हणाला, जाळं जड असतं, एकट्याला ओढत नाही.

ही रापण म्हणजे स्वर्ग नव्हे हेही सांगितलं पाहिजे. वाट्यांवरून सख्खे भाऊ दोन वेगवेगळ्या दोरांवर उभे राहतात आणि मधला समुद्र दोघांच्या शिव्या ऐकतो. तरीही मावशीचा अर्धा वाटा नवरा गेल्यापासून कधी चुकला नव्हता. त्या हंगामात मात्र गुडघ्यांमुळे ती किनाऱ्यावर गेली नव्हती, आणि वाटा कोणीतरी तिच्या पडवीत आणून ठेवत होतं.

शनिवारी तिने मला बोलावलं. कोणीतरी तिच्या कानावर घातलं होतं, की रापणीतली काही मंडळी म्हणतात, आता म्हातारीला चर्च सांभाळणार, तर अर्धा वाटा कशाला? मासळी आधीच कमी. मोठ्या बोटी दिवे लावून बाहेरच्या बाहेर ओरबाडून नेतात. हिशेबाने रापणीतल्या मंडळींचं चूक नव्हतं. मावशी मला म्हणाली, "झिला, तू शिकलेलो आसस. तांडेलाक विचारून ये."

माझी पन्नाशी उलटली आहे, पण तिच्या लेखी मी झील, म्हणजे पोरगाच. मी गेलो. तांडेल होडीच्या सावलीत जाळं सांधत बसला होता. मी विचारलं, पाकीट घेतलं तर वाटा जाईल का? त्याने हातातली गाठ आवळली.

"मी देव नाय, कलेक्टरय नाय," तो म्हणाला. "गरिबाक दान देवचा काम चर्चीचा. आमी कोणाक देत नाय, आमी वाटे घालतो. पण ती थंय खुर्चेर गरीब म्हणान बसली, तर पोरां बोलतली. मगे माका तेंची तोंडा धरूक येवची नाय."

हे मी मावशीला जसंच्या तसं सांगितलं. ती सुकटं निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, "म्हणजे चर्चीत मी गरीब झालंय, की दर्यार माजो वाटो मेलो." मी म्हटलं, मग जाऊ नको. त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी मिसा बुडवायला सांगतो आहे. फादरांनी रिक्षा पाठवायची कबूल केली होती. त्यांना नाही कसं म्हणायचं?

रविवारी ती ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या खुर्चीवर बसली. बाकीच्या खुर्च्यांवर अध्यक्षांनी बंदरातले परप्रांती खलाशी आणून बसवले होते. त्यांना मराठी येत नव्हती, त्यामुळे आपण गरीब आहोत हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. भाषणं झाली. एका पाहुण्यांनी गरिबी ही मनाची अवस्था आहे असं सांगितलं, आणि मांडवाबाहेर उभ्या केलेल्या आपल्या गाडीला ऊन लागत नाही ना, हे वळून पाहिलं. मी मांडवाच्या खांबाला टेकून मावशीच्या हातांकडे बघत होतो. ते मांडीवर मुठी मिटून होते.

अध्यक्ष पाकीट घेऊन तिच्यासमोर आले. फोटोवाल्याने दोघांना जरा डावीकडे सरकायला सांगितलं. तेवढ्यात किनाऱ्यावरून एकजण मोटरसायकलवर आला आणि त्याने फाटकातूनच सांगितलं, की बांगडा किनाऱ्याला लागला आहे, जाळं पाण्यात आहे, ओढायला हात नाहीत.

पॅरिशच्या कार्यक्रमाची शिस्त त्यानंतर फार टिकली नाही. मागच्या रांगा आधी उठल्या, मग मधल्या. पाहुणे आभारप्रदर्शनाची वाट बघत राहिले. मावशीने काठी घेतली.

"खंय?" अध्यक्ष म्हणाले. पाकीट अजून त्यांच्या हातात होतं.

"दोर ओढतत थंय," ती म्हणाली, आणि माझा दंड धरून चालायला लागली.

किनारा जवळ आहे, पण वाळूत तिला फार वेळ लागला. आम्ही पोचलो तेव्हा दोन्ही दोर ताणले होते. ती दोराच्या मागच्या टोकाला जाऊन त्या लुगड्यानिशी ओल्या वाळूत बसली आणि येणारा दोर मांडीशी गोल गोल घेऊ लागली. फादर सगळ्यांना परत बोलवायला आले होते. तेही झगा खोचून रांगेत उभे राहिले. अध्यक्षही आले, त्यांच्या घराचा तुकडा जाळ्यात होता.

जाळं आलं. फार नाही, पण बरं होतं. बांगडे, थोडा कचरा, भरपूर जेलीफिश. तांडेल वाटे घालू लागला. मावशीपाशी येऊन थांबला. रांगेतला एकजण म्हणाला, "तिका चर्चीतसून गावता मां?"

 मावशीने दोराचं शेवटचं टोक वेटोळ्यात खोचलं. तांडेलाने तिच्या पुढ्यातलं दोराचं वेटोळं पाहिलं.

"चर्चीतला चर्चीत," तो म्हणाला. "हयसर दोर कोणी गुंडाळल्यान?"

 त्याने अर्धा वाटा घातला आणि पुढे गेला. पुढे फादर होते. त्यांनाही वाटा पडला, कारण त्यांनी ओढलं होतं. फादर थोडे भांबावले, मग आपले बांगडे उचलून मावशीच्या वाट्यावर ठेवायला वाकले. तिने हात आडवा धरला.

"फादर, माजो वाटो माका गावलो. हो तुमचो. साफ करूक येणत नसले तर तसा सांगा."

फादरांना साफ करता येत नव्हते. संध्याकाळी ते मावशीच्या मागल्या दारी आले तेव्हा एका हातात बांगडे आणि दुसऱ्या हातात मांडवात राहिलेलं पाकीट होतं. फोटोवाला बरोबर नव्हता. मावशीने दोन्ही घेतलं. बांगडे साफ करून परत दिले, तांदूळ डब्यात ओतला. त्यानंतर पाकीट दर महिन्याला मागल्या दाराने येतं, आणि ती रापणीला रिक्षाने जाते. रिक्षा अध्यक्ष पाठवतात. त्याबद्दल ते कुठे बोलत नाहीत. मला हे त्यांच्या भाषणांपेक्षा जास्त चकित करतं.

हेडमास्तर म्हणाले, बघा, हक्क तो हक्क आणि दान ते दान. फादर म्हणाले, पण पाकीटही तिने घेतलंच ना? मी दोघांचं ऐकलं. एकाच बाईच्या एका दाराने तांदूळ येतो आणि दुसऱ्या दाराने मासळी, आणि ती दोन्ही एकाच चुलीवर शिजवते. पहिल्या मंडळींकडे मागलं दार होतं का, हे मी फादरांना विचारलं. त्यांनी विचार करून सांगतो म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.

तो फलक मेपर्यंत फाटकावर होता. पावसाआधी अध्यक्षांनी तो उतरवून मावशीच्या न्हाणीवर घातला. वाक्य आणि देणगीदारांचे चेहरे आभाळाकडे आहेत, कारण खाली ती आंघोळ करते. आता गळत नाही.