मिलमागच्या वस्तीचं बोरिंग

"ह्या कोणाच्या?"

माझ्या मागं सतरंजीवर बसलेल्या बाईनं शेजारणीला विचारलं. आवाज दबका होता, पण सभागृह लहान. मला ऐकू आलं, दाराशी उभ्या असलेल्या पाचजणींनाही आलंच असणार.

"मिलच्या."

"मंग इथी कायले आल्या?"

"पाहाले आल्या असतीन. आपल्यावाल्या तं येत नाई, त्या तरी आल्या."

दोघी हसल्या. दाराशी उभ्या असलेल्या पाचजणी आत येऊन भिंतीला लागून बसल्या. पदर पुढं ओढलेले, पायांवर कोंड्याची धूळ. त्यांना या महिला सभेला यायला मीच सांगितलं होतं, हे तिथं कोणाला माहीत नव्हतं. मी वहीत तारीख लिहीत राहिले.

मी ग्रामपंचायतीत संगणकावर काम करते. दाखले काढायचे, अर्ज भरायचे, आणि हिवाळ्यात गावाचा पुढल्या वर्षाचा आराखडा पोर्टलवर चढवायचा. आमचं गाव मूलपासून जवळ, धानाच्या पट्ट्यातलं. गावाबाहेर राईस मिल आहे. धान कापून झालं की छत्तीसगडहून कुटुंबं मिलमध्ये कामाला येतात आणि होळीच्या आसपास परत जातात. मिलच्या मागं, जिथं झुडपी जंगल सुरू होतं, तिथं त्यांच्या ताडपत्रीच्या झोपड्या. चार-पाच वर्षं तीच माणसं येतात. गाव त्यांना 'मिलवाले' म्हणतं.

त्यांच्यातली एक बाई आधारचं काम घेऊन माझ्याकडं यायची. तिच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण होतं. कामगारांच्या नोंदणीसाठी मी एकदा त्या वस्तीत गेले तेव्हा तिनं मला लोट्यात पाणी दिलं. पाणी गढूळ नव्हतं, पण नाल्याचं होतं. मी ओठांना लावलं आणि खाली ठेवलं. तिनं ते पाहिलं.

मिल चालू असली की मिलच्या मोटारीचं पाणी मिळतं. मिल बंद असली, किंवा लाईन गेली, की बायका नाल्यावर जातात. नाला जंगलात आहे. वाटेवर वनविभागाचा बोर्ड आहे, त्यावर वाघाचं चित्र. त्या वर्षी वाघ फिरत असल्याचं गावातही सगळ्यांना माहीत होतं. गावातल्या बायकांनी सरपणाला जाणं बंद केलं होतं. मिलच्या बायका पहाटे सात-आठजणी मिळून जायच्या. डोक्यावर पाण्याचे गुंड, आणि सगळ्यांत पुढं चालणारी चमच्यानं स्टीलची थाळी वाजवत जायची, म्हणजे वाघ दूर जाईल. आमच्या घरी मी ब्रश करत असायची तेव्हा ती थाळी ऐकू यायची.

म्हणून मी गोंदणवाल्या बाईला सांगितलं होतं, सभेला या, बोला. हे सांगायलाही मला दोन आठवडे लागले.

त्या दिवशी महिला सभेत ती बोलली. उभी राहिली, पदर सावरला आणि तिच्या छत्तीसगडीत म्हणाली, "पानी बर जंगल जाथन. बघवा हवय. हमन ला एक ठन बोरिंग दे देवव."

पाण्यासाठी जंगलात जातो, तिथं वाघ आहे, एक बोरिंग द्या, एवढं सगळ्यांना समजलं. वाघ म्हटल्यावर हसण्यासारखं काही नव्हतं. सरपंचबाई मनाच्या बऱ्या आहेत. त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, "लिहून घे व. हातपंप, मिलच्या मांगं."

मी लिहिलं. स्वच्छ अक्षरात, अकरावा विषय म्हणून. गोंदणवाल्या बाईनं माझ्याकडं पाहिलं आणि मी मान हलवली. मला वाटलं, झालं. बारा वर्षं चंद्रपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये मी हेच शिकले होते, की वहीत आलं की काम झालं.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती. समाजमंदिरासमोर मंडप टाकला होता. मी टेबलाच्या कडेला रजिस्टर घेऊन बसले होते, शेजारी ग्रामसेवक, मधे सरपंचबाई. समोर पुरुष जास्त, बायका कडेला. मिलच्या बायका मंडपाबाहेर कडुनिंबाखाली उभ्या होत्या. मतदार यादीत नाव नसलेल्यांनी आत बसू नये असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनीच ठरवलं होतं.

ग्रामसभेत विषय वाचला की ग्रामसेवक विचारतात, "सूचक?" मग "अनुमोदक?" गावच्या यादीतल्या एकानं विषय मांडायचा, दुसऱ्यानं त्याला दुजोरा द्यायचा, दोघांची नावं रजिस्टरवर चढली की ठराव होतो. आमच्या गावात हे काम चटचट होतं. एक म्हातारे भाऊ तर ठरलेले अनुमोदक आहेत. तोंडात तंबाखूचा खर्रा असतो म्हणून ते बोलत नाहीत, नुसतं बोट वर करतात. त्या दिवशीही नालीला बोट, रस्त्याला बोट, शाळेच्या कंपाउंडला बोट.

"भाऊ, बोट खालीच नोका घेऊ," कोणीतरी ओरडलं. "ताप कमी होईन ग्रामसेवकाचा."

मंडप हसला. भाऊही हसले आणि बोट तसंच ठेवलं.

अकरावा विषय वाचला. "राईस मिलमागील वस्तीसाठी हातपंप. सूचक?"

भाऊंचं बोट खाली आलं.

"त्यायले मिलवाल्यानं द्या ना पाणी," मागून एकजण म्हणाला. "कमावते तो, अन् बोरिंग मारू आपण?"

"आमच्या वार्डात नळ दिसाआड येते. त्याचं काय करता?"

"ते काई आपले मतदार आहेत का जी?"

"आज बोरिंग देसान, उद्या घर मागतीन."

एक म्हातारी बाई कडेवरून म्हणाली, "वाघ विचारते काय गा, वोट हाय का नाई म्हणून?" तिला सगळे हसले. तिनं पदर तोंडाला लावला. माझी नजर तिच्यावर होती. हिनं नाव दिलं तर बरं, असं मी मनात म्हणत होते.

"सूचक कोण?" ग्रामसेवकांनी पुन्हा विचारलं. सरपंचबाई अध्यक्ष, त्यांना स्वतःचं नाव देता येत नव्हतं. त्या टेबलाकडं पाहत होत्या. ग्रामसेवकांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. त्यांना माहीत होतं मी गावची आहे, माझं नाव यादीत आहे, मागच्या निवडणुकीत मी बोटाला शाई लावून ऑफिसात आले होते.

मला एवढंच म्हणायचं होतं, माझं लिहा.

मागं एकदा ग्रामसभेत मी एक सूचना वाचून दाखवली होती. घरी सगळे 'मले' म्हणतात, शाळेनं मला 'मला' शिकवलं, आणि ते माझ्या तोंडून आलं तसं मागच्या रांगेतून कोणीतरी "मलाऽऽ" असा सूर लावला. पुढं कितीतरी दिवस पोरं रस्त्यात तसा सूर लावायची. त्याशिवाय माझी नोकरी कंत्राटी आहे, आणि आमची वस्ती गावाच्या टोकाची, बौद्धांची. आमच्याकडं पहिलं बोरिंग आलं तेव्हा बाबा तरुण होते. अशाच सभेत उभं राहून त्यांनी ते मागितलं होतं, आणि गावातल्या एका शेतकऱ्यानं अनुमोदन दिलं होतं. घरी ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की ती ऐकताना मी मोबाईल पाहत बसते.

त्या क्षणी मला हे सगळं आठवलं, असं म्हटलं तर ते खोटं होईल. त्या क्षणी काहीच आठवलं नाही. माझे कान गरम झाले होते. पेनाचं टोपण मी लावत होते, काढत होते. कडुनिंबाखाली गोंदणवाली बाई टाचा उंच करून आत पाहत होती. तिला माझा चेहरा दिसत होता की नाही, कोण जाणे.

"सूचक नाही. विषय तहकूब," ग्रामसेवक म्हणाले. तेवढं मात्र मी लगेच लिहिलं.

सभा संपल्यावर सतरंज्या गुंडाळताना ते मला हळूच म्हणाले, "मॅडम, तुमचं अक्षर चांगलं आहे. पण अक्षरानं बोरिंग नाई लागत." रागावले नव्हते. "पाहू पुढच्या साली."

पुढच्या आठवड्यात मी आराखडा पोर्टलवर चढवला. नाली, रस्ता, कंपाउंड. एकेका कामापुढं वॉर्ड निवडायचा असतो. मिलमागची वस्ती त्या यादीत कुठल्याच वॉर्डात नव्हती. विषय मंजूर झाला असता तरी मी तो कुठं टाकला असता, हा विचार करून मला थोडं हलकं वाटलं. मग त्या हलकं वाटण्याचीच लाज वाटली. मी 'सबमिट' दाबलं. त्यानंतर बदल करता येत नाही.

बाबांना मी सांगितलं. जेवता जेवता ते म्हणाले, "ग्रामसेवक तुयाकडं पाहून राह्यला होता म्हणते तू?" मी हो म्हटलं. त्यांनी भात मागून घेतला.

लाईन जातच होती, पहाटे थाळी वाजतच होती. एके दिवशी वाजली नाही तेव्हा मी ब्रश तोंडात धरून अंगणात उभी राहिले. मग मिलचा भोंगा ऐकू आला. मिल चालू होती, म्हणजे पाणी होतं.

होळीच्या आधी गोंदणवाली बाई ऑफिसात आली. पदरात बोरं बांधून आणली होती, जंगलातली, लहान, आंबट. ती तिनं माझ्या टेबलावर, कीबोर्डच्या बाजूला ओतली. गावी निघाले होते सगळे. चार वर्षांत आमची बोली तिला समजायला लागली होती, पण विचारलं तिनं तिच्याच भाषेत.

"बोरिंग कब होही, बहिनी?"

ग्रामसेवक तालुक्याला गेले होते. ऑफिसात आम्ही दोघीच. 'वरून मंजुरी यायची आहे' हे वाक्य मी रोज दहा माणसांना सांगते. ते तयार होतं. पुढल्या हंगामापर्यंत तिनं ते खरं मानलं असतं, पुन्हा आल्यावर पुन्हा विचारलं असतं, आणि मी पुन्हा तेच सांगितलं असतं.

मी खुर्चीवरून उठले.

"गावातल्या एकानं नाव द्या लागत होतं, बाई," मी म्हटलं. "माह्य नाव हाय यादीत. मी तिथीच बसून होती. मी देल्लं नाई."