खाजाभाईंची पक्की बांधणी

लहान मुलांसाठी गोष्टीची पुस्तकं निवडणारी एक समिती आमच्या शाळेत आहे आणि मी तिची सचिव आहे, हे मी सहसा कोणाला सांगत नाही. पहिली ते तिसरीच्या मुलांनी काय वाचावं ते आम्ही तिघं ठरवतो. मुख्याध्यापक रविराज सर, मी, आणि पालकांतर्फे महेशराव. महेशरावांचं दिंडोरी रोडला द्राक्षबागेच्या फवारणी पंपांचं दुकान आहे. विक्रेता टेबलावर पुस्तकांचा ढीग मांडतो. महेशराव कागद जाड आहे का ते दोन बोटांत धरून बघतात. रविराज सर पुस्तक मागून उघडतात आणि शेवटचं पान वाचतात. तिथे तात्पर्य छापलेलं असलं की पुस्तक पास. चहा येईपर्यंत साठेक पुस्तकं निवडून होतात आणि एवढ्या कमी वेळात एवढं काम नाशिकमधल्या दुसऱ्या कुठल्या समितीत होत असेल असं मला वाटत नाही.

मुलं मात्र अशी कृतघ्न की ती पुस्तकं वाचत नव्हती. माझा दुसरीचा वर्ग, एकतीस मुलं. वाचनाच्या तासाला वेळेवर उठणाऱ्या मुलाची गोष्ट हातात दिली की निम्मा वर्ग जांभया द्यायचा. 'आजकालच्या मुलांना वाचनाची आवडच नाही,' असं आम्ही शिक्षकांच्या खोलीत दर आठवड्याला म्हणायचो आणि मग आपापले मोबाईल बघायचो.

अशातच दिवाळीची सुट्टी आली. सुट्टीत फाटकी पुस्तकं बांधायला खाजाभाईंकडे पाठवायची, हा आमच्याकडे तीस वर्षांचा रिवाज. एरवी शिपाई सगुणाबाई गाठोडं नेते. त्या वर्षी तिचा गुडघा धरला होता, म्हणून मी रिक्षा केली.

खाजाभाईंचं दुकान भद्रकालीत, एका बोळात. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. त्यांचे वडील येवल्याला हातमागावर पैठणी विणायचे. पोराने धागा सोडला नाही, रेशमाऐवजी कागदात घातला इतकंच. फाटकं पुस्तक हातात आलं की ते आधी गंजक्या पिना काढायचे, पानांचे जुडगे करून सुईदोऱ्याने शिवायचे, झुरळं लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालायचे, मूळ चित्राचं कव्हर आत नीट जपून ठेवायचे आणि वरून जाड पुठ्ठा, त्यावर तपकिरी रेक्झिन चढवायचे. पाठीवर पांढरी चिठ्ठी, तिच्यावर वळणदार अक्षरात क्रमांक. असं पुस्तक जोरात आपटलं तर फरशी फुटेल, पुस्तक नाही.

त्यांचा एक अभिमान होता आणि तो दुकानात शिरणाऱ्या प्रत्येकाला ऐकावा लागायचा. "तीस साल झाली मॅडम. मी बांधलेलं एक पुस्तक शाळेने मला परत दुरुस्तीला आणलं नाय. एक पण नाय. विचारा सरांना." सरांनाही ते मान्य होतं. मागच्या प्रजासत्ताक दिनी त्यांनी खाजाभाईंना शाल, श्रीफळ आणि प्रमाणपत्र पाठवलं होतं. प्रमाणपत्र खाजाभाईंनी अर्थातच रेक्झिनमध्ये बांधून ठेवलं होतं.

मी गाठोडं सोडता सोडता माझं नेहमीचं रडगाणं गायले. मुलं वाचतच नाहीत.

खाजाभाई हसायला लागले. "वाचत नाय? मग ही काय उंदराने फाडली?" त्यांनी एक पुस्तक उचललं. "हे बघा. पहिली तीन पानं मळकी, पुढे कोरी करकरीत. पोराने सुरू केलं आन् सोडून दिलं. हे दुसरं. कव्हर झिजलंय, आत काय नाय. चित्र बघून घेतलं, फसलं बिचारं." तिसरं पुस्तक त्यांनी शेवटच्या पानावर उघडलं. तिथे खडूचा पांढरा अंगठा होता. "हे तुमच्या लोकांचं."

अंगठा माझा नव्हता, पण असू शकला असता.

मग त्यांनी म्हशीच्या पाठीवर बसून आठवडे बाजाराला निघालेल्या बेडकाचं पुस्तक काढलं. त्याचं एकही पान धड नव्हतं. तेल, शाई, आंब्याचा रस, सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखं लागलेलं. "हे खरं वाचलेलं. पंचवीस-तीस हातांतून गेलंय. आन् हे मधलं पान बघा, दोनदा चिकटवलंय. इथे म्हैस नदीत बसते. पोरं इथे भांडली असणार." त्यांनी ते पुस्तक दोन्ही हातांनी छातीशी धरलं. "नवं पुस्तक घेताना मधलं पान उघडत जा मॅडम. तिथे काय घडत असेल तर घ्या. शेवट काय, कोणी पण लिहितं."

मी बी.एड. केलं, तीन प्रशिक्षणं केली, बालसाहित्यावर एक निबंध लिहून बक्षीसही मिळवलं. हे वाक्य मला भद्रकालीच्या बोळात ऐकायला मिळालं.

डिसेंबरच्या बैठकीत मी एकेक पुस्तक मधून उघडून मोठ्याने वाचायला लागले. विक्रेता घाबरला. आपल्या पुस्तकांत मध्ये काय आहे हे त्यालाही माहीत नव्हतं. चहा संपला, दुसरा आला, तरी आमची नऊच पुस्तकं झाली होती. एका पुस्तकात बोकडाने सरपंचाची टोपी खाल्ली, तेव्हा महेशराव एवढे हसले की त्यांनी कागद चाचपायचा सोडून पुढचं पान स्वतः उलटलं. रविराज सरांनी दोनदा विचारलं, "पण यातून बोध काय?" मी म्हटलं, "टोपी सांभाळावी, सर." त्यांनी ते लिहून घेतलं.

जानेवारीत त्या पुस्तकांवर मुलं तुटून पडली. वाचनाच्या तासाला जांभया बंद झाल्या आणि भांडणं सुरू झाली. मला इतका आनंद झाला की मी खाजाभाईंना शाळेत बोलावलं. तीस वर्षं ते शाळेची पुस्तकं बांधत होते, पण वाचनाची खोली त्यांनी कधी पाहिली नव्हती. पुस्तकं फाटकापाशी द्यायची, फाटकापाशी घ्यायची.

ते इस्त्रीचा पांढरा झब्बा घालून आले. मुलं जमिनीवर पालथी पडून वाचत होती. खाजाभाई कौतुकाने बघत राहिले आणि मग त्यांची नजर आपली पुस्तकं शोधायला लागली. ती भिंतीच्या कपाटात होती. दोनशे बारा पुस्तकं, सगळी तपकिरी, सगळी सारख्या उंचीने उभी, पाठीवर वळणदार क्रमांक. एकही जागेवरून हललेलं नव्हतं. खालच्या फळीवर कोळ्याने या पुस्तकापासून त्या पुस्तकापर्यंत निवांत जाळं विणलं होतं.

त्यांनी एक पुस्तक काढलं आणि जवळच्या शाझियापुढे धरलं. "बेटा, हे वाच ना."

शाझिया माझ्या वर्गातली सगळ्यात जास्त वाचणारी मुलगी. तिने पुस्तकाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. "ते नाही चाचा. ते ऑफिसचं आहे."

खाजाभाईंनी पुस्तक उघडलं. शिवण कुरकुरली. दिवाळीत बांधल्यापासून ते कोणी उघडलंच नव्हतं. आत, जाड कोऱ्या कागदामागे, त्यांनी जपून ठेवलेलं मूळ कव्हर होतं.

"अय्या, बेडूक!" शाझिया ओरडली. "अरे, बेडकाचं पुस्तक सापडलं! आम्ही किती शोधलं! मला वाटलं रद्दीत गेलं."

सात-आठ मुलं धावत आली. खाजाभाईंनी पुस्तक त्यांच्या हातात दिलं, कपाटाकडे एकदा पाहिलं आणि भिंतीला टेकून खाली बसले. त्यांचा तीस वर्षांचा अभिमान माझ्यासमोर मोडला होता आणि त्यात माझाही हात होता. ते पुस्तक दिवाळीनंतर त्या फळीवर मीच लावलं होतं, धूळ बसू नये म्हणून सगळ्यात आतल्या बाजूला. मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी ते मुख्याध्यापकांच्या खोलीत हजर होते. मला बोलावून घेतलं होतं.

"सगळी पुस्तकं मला द्या सर. रेक्झिन काढतो, चित्र वर लावतो. पैसे नको."

रविराज सर प्रेमाने हसले. "अहो खाजाभाई, दुरुस्तीला फक्त खराब पुस्तकं पाठवता येतात. नियम आहे. तुमची पुस्तकं बघा, एकाला ओरखडा नाही. जिल्ह्यात अशी पुस्तकं सापडायची नाहीत. तुम्हीच बांधलीत ना?"

"मीच बांधली."

"मग? चांगल्या पुस्तकाला खराब कसं म्हणू मी?"

खाजाभाई उठले आणि वाचनाच्या खोलीत गेले. आम्ही मागोमाग. कपाट उघडून त्यांनी पहिलं पुस्तक काढलं, खिशातून पुठ्ठा कापायची सुरी काढली आणि पाठीवरून वरपासून खालपर्यंत ओढली. रेक्झिन फाटलं. पुठ्ठा लोंबायला लागला.

"हे खराब झालं सर. लिहून घ्या."

त्यांनी दुसरं काढलं. "हे पण."

"अहो, काय करता काय!" सर म्हणाले. पण त्यांनी हात धरला नाही, कारण खाजाभाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि सुरी जराही वाकडी जात नव्हती. शिवणीच्या एकाही दोऱ्याला धक्का न लावता ते वरचं कवच तेवढं उतरवत होते. मी फळीवरची पुस्तकं काढून त्यांच्या पुढ्यात ठेवायला लागले. सगुणाबाई गुडघा धरत गोणपाट घेऊन आली. विसावं पुस्तक झालं तेव्हा रविराज सरांनी कागद मागवला आणि उभ्या उभ्या लिहिलं: खराब, दुरुस्तीस पाठवावीत.

घंटा झाली. दारात शाझिया दप्तरासकट उभी होती.

"चाचा, बेडूक परत नेणार?"

"सोमवारी आणून देतो," खाजाभाई म्हणाले. "वर बेडूक दिसेल असं." आणि त्यांनी एकविसावं पुस्तक हातात घेतलं.