मुक्काम पोस्ट सुरुवातीचं गाव

माझ्या धाकट्या दिराला मी मुक्कामपोस्ट म्हणते. तोंडावर नाही. तोंडावर भाऊजीच म्हणते, तेवढी रीत मला आहे. पण शेजारणीशी बोलताना हेच नाव, आणि तीही आता जिन्यात भेटली की विचारते, "काय म्हणतोय तुमचा मुक्कामपोस्ट?"

"आठ दिवसांसाठी आलोय वहिनी, खोली मिळेपर्यंत," असं म्हणून तो एक बॅग आणि कॉम्प्युटरचं खोकं घेऊन आमच्या दारात उभा राहिला होता. तेव्हा माझी मुलगी शाळेत होती. ती शिकली, नोकरीला लागली, दुसऱ्या गावी राहायला गेली, आणि हा आपला आतल्या खोलीत तसाच. त्याचे आठ दिवस काही केल्या संपेनात.

मला त्याचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही. ओला टॉवेल खुर्चीवर टाकतो. भाजी कितीही वाढा, ताटात एक घास ठेवतोच. न्हाणीघरातला दिवा विझवायला त्याचा हात जात नाही. पण खरा राग या गोष्टींचा नाही. खरा राग याचा, की हा माणूस भांडत नाही. भांडायला समोरच्याने निदान तोंड तरी उघडायला हवं ना? मी तावातावाने सगळं ऐकवते, आणि तो मान खाली घालून म्हणतो, "हो वहिनी." मग टॉवेल पुन्हा खुर्चीवर.

तो एका गोदामात कामाला आहे. माल उतरवतात त्या दारापाशी उभं राहून खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, हे त्याचं काम. नव्या पोराला पहिल्या दिवशी देतात ते. त्याच्या मागून आलेला एक जण सुपरवायझर झाला, दुसरा ऑफिसात खुर्चीवर बसतो. यालाही साहेबांनी बोलावून विचारलं होतं म्हणे. हा म्हणाला, "इथं बरं आहे." घरी येऊन हे सांगताना त्याला काही वाटलंही नाही. माझे यजमान मात्र भावाचं कौतुक करायला तयारच असतात. "त्याची चिठ्ठी कधी वाकडी लागत नाही," म्हणतात. मी म्हटलं, सरळ चिठ्ठ्या लावल्याबद्दल कुणाचा पुतळा उभारलेला मी तरी अजून पाहिला नाही.

हे असंच आणखी कितीही वर्षं चाललं असतं, पण माझी आई पडली.

न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि भावाने तिला आपल्या घरी नेलं. नेलं म्हणजे पॅसेजमध्ये खाट टाकली, चपलांच्या स्टँडला लागून. येणारा-जाणारा तिथेच वाकून बूट काढणार, आणि रात्री कुणीही उठलं की दिवा बरोबर तिच्या तोंडावर. भावजय फोनवर गोड आवाजात सांगते, "आई मजेत आहेत हं, सगळ्यांच्या येण्याजाण्यात असतात." आई फोनवर हळूच म्हणते, "मी बरी आहे गं." तिचा तो हळू आवाज ऐकला की मला जेवण जात नसे.

आमच्या घरात पुढची खोली, स्वयंपाकघर आणि आतली खोली. आम्ही दोघं पुढच्या खोलीत झोपतो. न्हाणीघर आतल्या खोलीला लागून. आईला काठी टेकत जाता येईल अशी ती एकच जागा, आणि तिथे मुक्कामपोस्ट.

एके दिवशी जेवताना मी सरळ विषय काढला. "भाऊजी, आईला इकडे आणायचंय. खोली लागेल."

त्याने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "हो वहिनी."

"कधी?"

"लेव्हल पूर्ण झाली की सोडतो."

मला वाटलं, गोदामातलं काही असेल. निघाला कॉम्प्युटरवरचा खेळ. यजमानांनी ताटात डोकं घातलं, म्हणजे त्यांना हे आधीपासून माहीत होतं.

तो खेळ काय आहे ते मी नंतर समजून घेतलं, कारण शत्रूची माहिती असलेली बरी. जगभरातली माणसं तो एकाच वेळी खेळतात. खेळ सुरू केला की प्रत्येकाला एका लहानशा गावात सोडतात. तिथे कोल्हे, खेकडे, रानडुकरं असली किरकोळ जनावरं. हातात एक लाकडी दांडका. दोन-चार जनावरं मारायला शिकलं की गावाचं फाटक ओलांडून बाहेर जायचं. बाहेर डोंगर, शहरं, राजवाडे, लढाया, सगळी मजा तिकडे. गाव फक्त हात बसण्यापुरतं. पोरं एका दुपारीत तिथून बाहेर पडतात. आमच्या मुक्कामपोस्टने काय ठरवलं होतं? फाटक ओलांडायचंच नाही, आणि त्या गावातच राहून शेवटच्या, शंभराव्या लेव्हलला पोचायचं. मी कपाळावर हात मारून घेतला. माणूस खेळात तरी वेगळा वागेल की नाही!

"मग गोदामाच्या मागे कामगारांची खोली आहे, तिथे जाऊन खेळा," मी म्हटलं.

"तिथं सहा खाटा आहेत वहिनी. आणि प्लग एकच. त्याला किटली असते."

म्हणजे इथून गेला की खेळ संपला. एकदा इतकं केलंय तर पूर्ण करून जातो, असं त्याचं म्हणणं. सत्त्याण्णव झाल्या होत्या. मी म्हटलं, "करा पूर्ण. पण दुसऱ्या दिवशी बॅग दारात दिसली पाहिजे." तो म्हणाला, "हो वहिनी."

तेव्हापासून मी त्याच्या मागे लागले. पोटच्या पोरीच्या अभ्यासावर मी एवढं लक्ष ठेवलं नव्हतं. तो कामावरून आला की बूट काढायच्या आत चहा. भाजी आणायला नाही, गिरणीत नाही, कुठे म्हणून पाठवला नाही. तो खेळायला बसला की मी मिक्सरसुद्धा लावत नसे, न जाणो दिवे जायचे. रोज सकाळी "झोप झाली का" असं विचारायच्या जागी मी विचारत असे, "किती झाली?" अठ्ठ्याण्णव झाली. मग नव्व्याण्णव. आईला फोनवर सांगितलं, "आता थोडेच दिवस गं." आणि मग गाडी तिथेच अडली. आज विचारलं तर नव्व्याण्णव, उद्या विचारलं तर नव्व्याण्णव.

एका रविवारी दुपारी चहा घेऊन आत गेले. मुक्कामपोस्ट हाताची घडी घालून बसला होता. समोर पडद्यावर त्याचा माणूस दांडका खाली करून उभा, आणि एक कोल्हा त्याचे लचके तोडतोय. माणूस पडला. मेला. मग गावातल्या एका दगडापाशी पुन्हा उठला, चालत चालत त्याच कोल्ह्यापाशी गेला, आणि पुन्हा दांडका खाली करून उभा राहिला. कोल्ह्याने पुन्हा लोळवला. हा हाताची घडी न सोडता बघतोय. मी दारात उभी राहून किती वेळा पाहिलं कोण जाणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मुद्दाम मरतोयस तू!" मी ओरडले. त्याला तू म्हणायची ती माझी पहिलीच वेळ. "खोली सोडावी लागेल म्हणून मरत बसलायस! तिकडे माझी आई चपलांत झोपते आणि इथे तुझी नाटकं!" आणि पुढे होऊन मी भिंतीतला प्लग उपटला.

त्याने काळ्या पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "वहिनी, कोल्हा गेला."

"जाऊ दे खड्ड्यात!"

"तसं नाही. माझी लेव्हल मोठी आहे, म्हणून इथल्या जनावरांना मारून मला काही मिळत नाही. पण आपण त्यांच्या हातून मेलो की ती मोठी होतात. पुरती मोठी झाली की मग मारायची. मेल्याशिवाय इथं लेव्हल वाढत नाही. तो कोल्हा मी आठवडाभर मोठा करत होतो. बंद केलं की तो परत लहान होतो, म्हणून तर कॉम्प्युटर चालू ठेवला होता."

आता मी काय कॉम्प्युटरची पदवी घेतली आहे? माणूस हाताची घडी घालून मरताना दिसला तर मी काय समजायचं? माझं चुकलं असं मी तेव्हा म्हटलं नाही, आणि आजही म्हणणार नाही. फाटकाबाहेर गेला असता तर ही वेळच आली नसती. पण मी उपटला होता तो माझ्याच आईचा आठवडा, आणि या गोष्टीचा राग काढायला घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तोही मी त्याच्यावरच काढला. चहा त्याच्यासमोर आदळला आणि बाहेर आले.

त्याच संध्याकाळी भावाचा फोन आला. आई हल्ली पाणीच पीत नाही म्हणे. पाणी प्यायलं की उठावं लागतं, उठायचं म्हणजे कुणाला तरी हाक मारावी लागते, म्हणून ती दिवसभर तोंड कोरडं ठेवते. हे मी स्वयंपाकघरात यजमानांना सांगत होते आणि सांगता सांगता मला रडू आलं. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं.

दुसऱ्या दिवशी मुक्कामपोस्ट कामावर गेला नाही. मी म्हटलं, छान, एवढंच राहिलं होतं. यजमान म्हणाले, "रजा काढलीय त्यानं." हा माणूस लग्नकार्यालाही कधी रजा काढत नाही. दिवसभर तो खुर्चीत बसून मरत होता. मी केर काढायला आत गेले तर मेलेला, कपडे ठेवायला गेले तर मेलेला. जेवायला हाक मारली तर म्हणाला, "इथंच द्या, जमलं तर." त्या दिवशी ताटात घाससुद्धा ठेवला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. एकदा मी न राहवून विचारलं, "केवढा झाला?" तर त्याने खुर्ची बाजूला करून मला कोल्हा दाखवला. पूर्वीचाच मरतुकडा कोल्हा, वाढल्याचं काही दिसत नव्हतं. "आकडा बघा वहिनी, डोक्यावरचा," तो म्हणाला. मी बघितला. मला कौतुक वाटलं नाही.

शनिवारी दुपारी त्याची हाक आली. "वहिनी, या."

हाताला पीठ तसंच घेऊन गेले. कोल्हा आडवा पडला होता. त्याच्या माणसाभोवती पिवळा उजेड फिरला, एक घंटा वाजली, आणि डोक्यावर शंभर आलं. झालं. एवढंच. त्याच गावात आत्ताच आलेली माणसं इकडून तिकडे पळत होती, कुणाचं याच्याकडे लक्षही नव्हतं. त्यातला एक जण थांबला आणि त्याने लिहून विचारलं, की फाटक कुठं आहे? माझ्या दिराने लिहिलं, सरळ जा, पूल लागेल. तो पळाला.

"तुम्ही नाही जात आता? शंभर झाली की."

"नको. बाहेरचं मला काही येत नाही."

"बॅग भरली का?" मी विचारलं.

"भरलीय." टेबलाखाली ती खरंच भरून ठेवलेली होती.

रविवारी सकाळी यजमान आईला आणायला गेले. मी बाकीच्या कामांना लागले. तो चहा पीत होता तेव्हाच मी त्याच्या खाटेवरची चादर ओढून काढली, गादी उलटी केली, खिडकी उघडली. त्याने कॉम्प्युटर खोक्यात घातला आणि मला न विचारता माळ्यावर ठेवला. माझ्या ते लक्षात आलं होतं. आज नको, म्हणून गप्प बसले. मग त्याने बूट घातले, बॅग उचलली आणि दारात जाऊन उभा राहिला.

"येतो, वहिनी."

माझं डोकंच फिरलं. जाताना सगळे येतोच म्हणतात, वाण्याकडे जातानाही म्हणतात, मला का माहीत नाही? पण याच्या तोंडून तो शब्द मला नको होता. उद्या हा पुन्हा दारात, आठ दिवसांसाठी.

"येतो नाही," मी म्हटलं. "जातो म्हणा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "नाही, वहिनी."

इतक्या वर्षांत या माणसाने मला म्हटलेलं हे पहिलं ‘नाही’.

"का? जड जातंय?"

"तुमची आई यायचीय आज घरात," तो म्हणाला. "दुखणाईत माणूस यायच्या दिवशी दारात उभं राहून ते नको म्हणायला. तुम्ही रागवा हवं तर."

माझी आई. सकाळपासून तिच्यासाठी घर उलटंपालटं करत होते मी, आणि ही गोष्ट सुचली याला. मला संताप आला, आणि तो कुणावर आला तेही नीट कळेना.

"येतो," तो पुन्हा म्हणाला, आणि बॅग हातात धरून थांबला. येतो म्हटल्यावर समोरून काहीतरी यावं लागतं, त्याशिवाय पाय उचलायचा नाही, हेही त्याला पक्कं ठाऊक.

काय करणार? त्याला उत्तर एकच असतं.

"या," मी म्हटलं.

तो जिना उतरून गेला. आणि खरंच येईल मेला, त्याचा काय नेम.