स्वेटर घातलेल्या कोंबड्या

खुराड्याचं दार उघडलं आणि माझे डोळे असे झोंबले, की समोरचं नीट दिसेना. डोळे पुसून पाहिलं. आत बेचाळीस कोंबड्या होत्या आणि त्यातल्या तिघींनी स्वेटर घातले होते. खरेखुरे, लाल लोकरीचे, पंखांसाठी दोन भोकं ठेवलेले.

"थंडी लय हाये ना मॅडम," बायनाबाई म्हणाल्या. "नातवाचं जुनं स्वेटर उसवून विणले. लोकर पुरली नाई, नाईतर समद्यायले केले असते."

मी कुरखेडा तालुक्यात पशुधन विकास अधिकारी आहे. नाव मोठं, काम जनावरांच्या डॉक्टरचं. बायनाबाई जंगलालगतच्या एका गावातल्या बचत गटाच्या अध्यक्ष. गटाला योजनेतून कोंबड्या मिळाल्या होत्या आणि त्या बायनाबाईंच्या घरामागे एकाच मोठ्या खुराड्यात ठेवल्या होत्या. डिसेंबरात तीन दिवस अवकाळी पाऊस झाला, पाठोपाठ कडाक्याची थंडी पडली, आणि त्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन आला.

"मॅडम, कोंबड्या मरून राह्यल्या. सहा गेल्या. बाकीच्यायचा गळा घरघर करते. बाया म्हनते, उद्या बाजार हाये, उरल्या त्या इकून टाकू."

त्या शेवटच्या वाक्यामुळे मी चहा तसाच ठेवून गाडी काढली. हा रानीखेत असेल, म्हणजे गावात ज्याला मानमोडी म्हणतात तो रोग, तर एका बाजारातून तो आजूबाजूच्या सगळ्या गावांत पोचणार. आणि नसेल, तर या बायकांची वर्षभराची मेहनत उगाच जाणार.

वाटेत माझ्या वरच्या साहेबांचा फोन. "रानीखेतच असेल. तसा रिपोर्ट करून टाका."

"सर, आधी पाहते. मग लिहिते."

"पाहा. पण संध्याकाळपर्यंत मला उत्तर पाहिजे."

हातमोजे आणि मास्क चढवून मी दोन मेलेल्या कोंबड्यांचं पोस्टमार्टेम केलं. रानीखेतमध्ये बहुधा मान वाकडी होते, हिरवी पातळ हगवण लागते, आणि आतल्या छोट्या जठरावर रक्ताचे ठिपके दिसतात. इथे त्यातलं काहीच नव्हतं. जठर स्वच्छ. श्वासनलिका मात्र लालबुंद आणि फुप्फुसं पाण्याने जड. लसीचं कार्ड पाहिलं, लस वेळेवर दिलेली. तरी सँपल बर्फात घालून प्रयोगशाळेसाठी बांधलं आणि सांगितलं, "उत्तर येईपर्यंत एकही कोंबडी विकायची नाही, कापायची नाही."

भोवती जमलेल्या गटातल्या बायकांचे चेहरे उतरले. मी वाकून खुराड्यात शिरले.

चारी बाजूंनी बांबूचे तट्टे, त्यावर प्लास्टिकची पन्नी, आणि छपराखालच्या फटीत पोती कोंबलेली. वारा शिरायला बोटभर जागा नाही. पन्नीला आतून हात लावला, तर थेंब टपटप गळाले. खाली अंथरलेली भाताची तणस मुठीत पिळली, पाणी निघालं. कोंबडीच्या श्वासातून आणि विष्ठेतून रोज भरपूर पाणी बाहेर पडतं. ते कोंडलं, की विष्ठा ओली राहते आणि तिच्यातून अमोनिया सुटतो. माझे डोळे झोंबले ते त्यानेच. कोंबड्या तर दिवसरात्र तोच वास घेत होत्या.

"एवढं गच्च बंद करायला कोणी सांगितलं?" मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"तुमीच तं!" चार बायका एकदम म्हणाल्या. "ट्रेनिंगमंधी. थंडीत खुराडा बंद ठेवा म्हन्लं."

म्हटलं होतं. खालून लागणारा वारा अडवा, वरून हवा खेळू द्या, असं मला म्हणायचं होतं. अर्धंच बोलले होते. गटाने ते मनापासून पाळलं. मी खुराड्यातून बाहेर आले तेव्हा माझा आवाज खाली आला होता.

कुंपणापलीकडे शेजारचे समरूभाऊ कधीचे उभे होते. "माह्या तं गुरायच्या कोठ्यात बल्लीवर झोपते मॅडम. एकबी नाई मेली."

मी सगळ्यांना तिकडेच नेलं. कोठ्याला वर छप्पर होतं, भिंत एकच. आडव्या लाकडी बल्लीवर पंधरा गावरान कोंबड्या पिसं फुलवून, पाय पोटाखाली घेऊन बसल्या होत्या.

"पिसं फुलली की त्यांच्यात हवा अडकते. तीच त्यांची गोधडी," मी सांगितलं. "स्वेटरनं पिसं दबतात. ओला झाला की आणखीच वाईट."

खुराड्याकडे परतताच बायनाबाईंनी तिन्ही स्वेटर काढले. त्यातली एक कोंबडी अंग झाडून एवढी फुगली, की सगळ्या हसल्या. बायनाबाईही.

मग कामाला लागलो. छपराखालची पोती काढली, वरची हातभर पन्नी कापली, कोंबड्यांच्या उंचीपर्यंतची तशीच ठेवली. तणस बाहेर, राख-चुना आत, त्यावर राइस मिलमधला कोरडा तूस चार बोटं. बसायला जाड बांबू बांधले. संध्याकाळी मूठभर मका द्यायला सांगितला, कारण तो पचताना रात्रभर अंगात ऊब राहते. घरघरणाऱ्या सात कोंबड्या वेगळ्या करून औषध सुरू केलं.

"उघडा ठेवला तं थंडीनं मरन ना?" एकीने विचारलं. दोघी अजून बाजाराचंच बोलत होत्या.

"बाजार पुढच्या आठवड्यातबी हाये," बायनाबाई म्हणाल्या. "मॅडम चुकल्या तं त्यायलेच बाजारात नेऊ."

यावर पुन्हा हशा झाला आणि विषय मिटला.

संध्याकाळी साहेबांना फोन केला. "सर, रानीखेतची लक्षणं नाहीत. ओल आणि अमोनिया. चूक माझ्या ट्रेनिंगची आहे."

"हे रिपोर्टमध्ये कसं लिहिणार?"

"असंच, सर."

साहेब म्हणाले, "बरं. शुद्धलेखन सांभाळा."

वेगळ्या ठेवलेल्या दोन कोंबड्या गेल्या. त्यानंतर एकही नाही. प्रयोगशाळेने रानीखेत नसल्याचं कळवलं. थंडी तर त्या आठवड्यात आणखी वाढली होती.

फेब्रुवारीत तालुक्याच्या मेळाव्यात साहेबांनी बायनाबाईंना बोलायला उभं केलं. त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला. "कोंबडीले थंडी चालते, ओल नाई चालत. डोळे झोंबले तं खुराडा उघडा," एवढंच म्हणून त्या खाली बसल्या.

माझं ट्रेनिंग दोन तासांचं असतं. आता त्याची सुरुवात मी याच दोन वाक्यांनी करते. तिथेच थांबता येत नाही, कारण हजेरीपत्रकात दोन तास भरावे लागतात.