चारी दिशांना कोणी ना कोणी

भिवंडीच्या दस्त नोंदणी कचेरीबाहेर पत्र्याखाली केसरीनाथ बाँडरायटर वीस वर्षं बसत होता, आणि वीस वर्षांत त्याला एकही शहाणं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. निदान त्याचं मत तसं होतं. यंत्रमागांच्या पैशाने जमिनींना भाव चढला होता. जो तो काल्हेरकडे तुकडा घ्यायला धावत होता आणि घेऊन झाल्यावर त्याच्याकडे विचारायला येत होता.

"भाऊ, नोटरी केलीय. आता पक्कं ना?" प्रभाकर मास्तरांनी एकदा विचारलं.

केसरीनाथने चष्म्यावरून पाहिलं. "लग्नाचा फोटो काढलात मास्तर, लग्न कधी लावणार? दस्त नोंदवल्याशिवाय जागा तुमची होत नाही. सातबारा बघितलात?"

"त्यांनी दाखवला."

"त्यांनी दाखवला! तलाठ्याकडून स्वतः काढा, ताजा. इतर हक्कात कोण बसलंय ते वाचा. बहिणींची नावं आहेत का बघा. आणि सही कोण करणार?"

"मुखत्यार. मालक गेल्या वर्षी वारले ना."

केसरीनाथ असा हसला की शेजारचा स्टॅम्पवाला वळून बघू लागला. "मालक गेला तेव्हाच मुखत्यारपत्रही त्याच्याबरोबर गेलं, मास्तर. तुम्ही मुलांना काय शिकवता हो?"

मास्तरांचा उतरलेला चेहरा त्याला दुपारच्या चहासारखा लागायचा. रोज एखादा तरी मिळे.

अंगठा देणाऱ्या बायकांना तर तो माणसांतही धरत नसे. काल्हेरची गुणाबाई भावांच्या नावे हक्क सोडायला आली होती, १९८४ साली. भावांनी तिला साडी-चोळी आणली होती. बदल्यात तिने बापाची जमीन सोडायची आणि रस्त्याकडेची एक चिंचोळी पट्टी तेवढी स्वतःकडे ठेवायची, असं ठरलं होतं. तिने विचारलं, "काय लिवलंय, वाचून दाखव."

"तुला काय कळणार आहे? अंगठा दे," केसरीनाथ म्हणाला आणि शाईची डबी पुढे सरकवली. तिने दिला. अंगठा पुसायला तिने ती नवी साडी वापरली नाही, जुन्या लुगड्याला पुसला. हे त्याने पाहिलं आणि विसरला.

सात वर्षांनी त्याने स्वतः जागा घेतली. गुणाबाईच्या भावांकडून, त्याच जमिनीतला बिनशेती झालेला तुकडा. मागच्या तीस वर्षांच्या दस्तांचा शोध त्याने स्वतः घेतला होता. बहिणीचा हक्कसोड खरा, कारण तो त्यानेच लिहिलेला. मे महिन्यात जाऊन त्याने जागाही पाहिली. भात कधीच निघालेलं, शेतं उघडी, माणसं कुठूनही कुठेही चालत होती. आयुष्यभराची भाड्याची खोली आता सुटणार, असं त्याने घरी आणि कचेरीत, दोन्हीकडे सांगून ठेवलं. दस्त स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिला. पूर्वेस लडकू, पश्चिमेस महादू, दक्षिणेस तुळशीराम, उत्तरेस गुणाबाई. अशा चतुःसीमा त्याने हजारो लिहिल्या होत्या. चार नावं बरोबर होती. या चारांत रस्ता नव्हता, हे त्या मोत्यांना दिसलं नाही.

दिसलं ते विटांच्या ट्रकवाल्याला. गुणाबाईच्या पट्टीभोवती आता काटेरी कुंपण होतं.

"साब, उड़ के जाऊँ क्या?" तो म्हणाला. त्याने विटा रस्त्याकडेला ओतल्या आणि निघून गेला.

केसरीनाथ तिच्या अंगणात गेला तेव्हा ती सुकट निवडत होती.

"गुणाबाई, तुमच्या पट्टीतून वाट हवी होती."

"वाट? कागदावर हाय का?"

"नाही. पण पूर्वीपासून माणसं जातात की."

"मानसं जातात. ट्रक कधी गेला?" तिने वर पाहिलं. "रायटर ना तू? मंग लिवताना डोलं कुटं व्हतं?"

तिची सून आत खुदकन हसली. केसरीनाथ पुढच्या रविवारी करार लिहूनच घेऊन गेला. वहिवाटीचा हक्क, बारा फूट, ट्रक जाईल एवढा.

"वाच," गुणाबाई म्हणाली.

त्याने भरभर वाचलं.

"मोठ्यानं. आनि दमानं."

त्याने पुन्हा वाचलं. प्रत्येक ओळीला ती विचारी, "म्हंजे काय?" आणि त्याला सांगावं लागे. सून, शेजारणी, कुंपणावर हात ठेवून उभा असलेला तुळशीराम, सगळे ऐकत होते. बारा फुटांपाशी तिने हात वर केला.

"तीन लिव. मानूस जाईल, डोक्यावर वजं घेऊन. बारा दिलं तर माजं काय उरतं? भावांनी तेवडंच ठेवलंय मना."

"तीन फुटांत घर कसं बांधू?"

"तुला काय कळनार हाय? कळंल. बांदताना कळंल."

त्याने बाराचे तीन केले. तिने अंगठा दिला. या वेळी शाईची डबी तिने स्वतः ओढून घेतली. सोमवारी कचेरीत करार नोंदवला गेला.

घराचं बांधकाम दोन वर्षं चाललं होतं. हमाल तीन फुटी वाटेचे दुप्पट मागत, म्हणून सुट्टीच्या दिवशी विटा केसरीनाथच वाहू लागला.

एका सोमवारी यंत्रमागावरचा एक मुकादम नव्या प्लॉटचे कागद घेऊन आला. "भाऊ, सगळं बघितलंय. पक्कं ना?"

केसरीनाथने चतुःसीमेवर बोट ठेवलं. "यात वाट कुठे आहे? एवढंही बघितलं नाहीत? बिनडोक माणसं येतात कुठून कोण जाणे."

आवाजातली तुच्छता जुनीच होती. मुकादम मात्र त्याच्या केसांकडे बघत होता. त्यांत विटेची लाल भुकटी होती.